परातीचा पलीकडचा काठ

मी संशयी आहे असं सगळं घर म्हणतं. म्हणू दे. दूधवाल्याने आपणहून माप वरपर्यंत भरलं तर मी आधी त्यात पाणी किती ते बघते. कुणी उगाच माझ्या तब्येतीची चौकशी केली तर त्याचं आपल्याकडे काय अडलंय ते शोधत बसते. बहुतेक वेळा सापडतं. त्यामुळे आमच्या लाँड्रीत चादरीमागचा खर्च वाढायला लागला, तेव्हा पाणी कुठेतरी मुरतंय हे सगळ्यांत आधी मला कळलं, यात नवल काही नाही.

आमची लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरची इस्त्रीची टपरी नव्हे. हॉस्पिटलं, लॉज, वसतिगृहं यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आम्ही गठ्ठ्यांनी आणतो आणि धुऊन, इस्त्री करून परत पोचवतो. सुरुवात एका खोलीत झाली. एक यंत्र, एक बंब, आणि आम्ही चौघं: हे, मी, माझे धाकटे दीर आणि त्यांची बायको. तिला मी धाकटी म्हणते, ती मला ताई म्हणते. एकाच ओट्यावर स्वयंपाक, एकाच दोरीवर कपडे. लोक म्हणायचे, जावा आहात की बहिणी? मी म्हणायची, बघू पुढे.

खोलीच्या दाराशी एक फळा होता. महिनाअखेरीला हे सगळा खर्च मांडायचे, त्याला धुतलेल्या चादरींनी भागायचे आणि आलेला आकडा खडूने त्या फळ्यावर लिहायचे. एका चादरीला इतके पडले. यंत्र अर्धं रिकामं फिरायचं तेव्हा आकडा मोठा होता. काम वाढलं तसा उतरला. मोठं यंत्र आणलं, बॉयलर बसवला, आणखी उतरला. आकडा उतरला की त्या रात्री जेवताना हे दोन घास जास्त खायचे.

मग आम्हाला हाव सुटली. गावाबाहेरची मोठी शेड घेतली, तिथे यंत्रांची रांग लावली. शिफ्टा दोन झाल्या. सकाळची माझी, दुपारची धाकटीची. मधे सुपरवायझर आला, फाटकावर माणूस आला, सुपरवायझरवर लक्ष ठेवायला भाऊजी बसले. फळाही शेडमध्ये आणून टांगला. आणि त्यावरचा आकडा भिंतीवरच्या पालीसारखा हळूहळू वर सरकायला लागला.

"मोठं काम, मोठा खर्च," हे म्हणाले.

"मोठ्या कामाने खर्च उतरायला हवा. आजवर उतरलाच की," मी म्हणाले. "कुणीतरी खातंय."

कोण, ते मी तेव्हा बोलले नाही. पण सगळ्यांत जास्त संपत होती धुण्याची पावडर, आणि पावडरीच्या कोठाराची चावी धाकटीच्या कमरेला होती.

त्याआधी एक प्रकार झाला होता, तोही सांगायला हवा. एका हॉस्पिटलातून डाग पडलेली चादर परत आली होती. चहाचा डाग, चांगला बशीएवढा. कुणाच्या शिफ्टमधून गेली हे काही ठरेना. मी म्हणाले, माझ्या शिफ्टच्या बायकांच्या हातून आजवर डागाळलेलं कापड गेलेलं नाही. धाकटी ती चादर उलटसुलट करून बघत राहिली. तेव्हापासून मी एक शिस्त पाडली. तिच्या शिफ्टने धुऊन हौदात ठेवलेलं, पिळायचं राहिलेलं जे काही सकाळी मला सापडे, ते मी पुन्हा एकदा यंत्रातून काढून घेई. स्वच्छतेत तडजोड नको. माझ्या बायकांना बजावून ठेवलं होतं, याची वाच्यता करायची नाही, उगाच तिला लागेल. मी संशयी असेन, पण मन राखणारी आहे.

तर मी धाकटीवर नजर ठेवायला लागले. ठेवली तसं दिसायला लागलं. ती माझ्याशी बोलताना खाली बघायची. पावडरीचा विषय निघाला की तिला गॅसवरचं दूध आठवायचं. फावल्या वेळात लोकांचे कपडे शिवून चार पैसे मिळवायची, तरी स्वतःसाठी नवीन काही घेत नव्हती, साधी चप्पलसुद्धा नाही, म्हणजे पैसे कुठेतरी साठत होते. एकदा दुपारी मी विसरलेला चष्मा घ्यायला परत गेले, तर ती शेडच्या मागच्या दाराशी, हातात भरलेली कापडी पिशवी, कोठाराचं दार उघडं. मला बघून पिशवी पायामागे सरकवली. आणि पुढच्याच आठवड्यात शेडमागच्या गटाराशी मला छोट्या पुड्यांचे फाटके कोपरे सापडले. दुकानात मिळतात तसल्या, घरगुती पावडरीच्या पुड्या. आम्ही तर पोत्याने घेतो. मग इथे पुड्या कशाला? मला एकच अर्थ लागला. पोत्यातली काढून पुड्यांत भरायची आणि विकायची. कुंपणच शेत खात होतं.

माझी लेक तेव्हा कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होती आणि परीक्षा तोंडावर आली होती. ती संध्याकाळी स्वयंपाकघरात जमिनीवर कागद पसरून बसायची आणि वाट्या काढायची. खरंच वाट्या. एकीशेजारी एक, कुणी उंचावर, कुणी खाली, आणि सगळ्यांच्या खालून जाणारी एक मोठी, उथळ रेघ.

"हे काय शिकवतात तुम्हाला? भांडी?" मी विचारलं.

"दीर्घकाळातला सरासरी खर्च," ती म्हणाली. "आई, हे आपल्या फळ्यावरचंच आहे. ही एकेक वाटी म्हणजे लाँड्रीचा एकेक आकार. एक खोली, एक यंत्र. काम कमी असलं तर एका चादरीला जास्त पडतात. वाढवलं की कमी. फारच कोंबलं तर परत जास्त. म्हणून रेघ वाटीसारखी."

"आणि ही मोठी?"

"आज काम आलं तर आज नवी खोली उभी राहत नाही. पण पुष्कळ वेळ दिला तर सगळंच बदलता येतं. यंत्र, जागा, माणसं. काहीच कायमचं नसतं. मग माणूस दर वेळी सोयीची वाटी निवडतो. त्या सगळ्या निवडींची ही रेघ."

माणसंसुद्धा, हे मी मनात टिपून ठेवलं.

तिचं घोडं मात्र एका जागी अडलं होतं. मोठी रेघ प्रत्येक वाटीच्या बुडालाच का टेकत नाही, हे तिला कळत नव्हतं. मी कणकेची परात खाली घेतली आणि वाट्या दिल्या. म्हटलं, ठेवून बघ, कागदावर काय कळणार. तिने एक वाटी मधोमध ठेवली. ती बुडावर बसली. दुसरी काठाच्या उतरणीवर, कलंडू न देता, सरळ धरली. ती बुडाने टेकेना, कडेने टेकली. लेक बघतच राहिली.

"आलं लक्षात!" ती ओरडली. "उतरणीवर टेकण्याची जागा आणि वाटीची सगळ्यांत स्वस्त जागा एक नसते. फक्त मधल्या वाटीचीच एक असते. आई, आपण ह्या काठाने खाली आलो, बुडाशी पोचलो, आणि तिथे थांबलो नाही. आता पलीकडच्या काठाने वर चढतोय."

"का चढतोय? चोर असल्याशिवाय खर्च चढतो?"

"चढतो. पसारा वाढला की एकाचं काम दुसऱ्याला कळत नाही. निरोप पोचत नाहीत. लक्ष ठेवणारे वाढतात, त्यांच्यावर लक्ष ठेवणारे वाढतात. कुणीच खात नाही, तरी जातं."

कुणीच खात नाही, तरी जातं! मला ते फारच सोयीचं वाटलं. चोराला याहून चांगला वकील मिळणार नाही.

"हे तुला काकूने सांगितलं का गं?" मी विचारलं.

लेकीने वाट्या गोळा केल्या आणि आतल्या खोलीत अभ्यासाला निघून गेली. मी मात्र परात घासताना तोच विचार करत होते, की काकूचं आणि हिचं इतकं कशामुळे जमतं.

त्याच आठवड्यात ह्यांना सांगितलं. "रविवारी सगळ्यांना बसवा. मला वाटणी हवी."

हे जेवता जेवता थांबले. "वाटणी? कशावरून?"

"चोरीवरून."

"पुरावा आहे?"

पिशवी सांगितली, पुड्या सांगितल्या. हे म्हणाले, "पिशवीत काय होतं ते पाहिलंस?" नव्हतं पाहिलं. "मग आधी पाहा. भाऊ आहे तो माझा. एकदा बोललेला शब्द परत घेता येत नाही." आणि ताट अर्धं टाकून उठले. आकडा चढला तेव्हासुद्धा ह्यांनी ताट टाकलं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण मागे हटावंसं वाटलं नाही.

पुरावाच हवा ना, मग मी सापळा लावला. माझा तर्क असा, की पावडर नुसती विकत नाहीत, दुपारच्या शिफ्टला बाहेरची कामं घेऊन आमच्या यंत्रांत, आमच्या पावडरीत धुतात. शनिवारी दुपारी आमचं नवं धुणं येत नाही, सकाळी धुतलेलं पिळून वाळत घालायचं, एवढंच काम असतं. म्हणून शनिवारी माझी शिफ्ट सुटताना मी धुतलेल्या, हौदात ठेवलेल्या चादरींच्या कोपऱ्यांवर दाट निळीचा एकेक ठिपका लावला. पिळून तो फिका होतो, जात नाही. गरम पाण्यात आणि पावडरीतच जातो. दुपारभर यंत्रं घरघरतील आणि माझे ठिपके जागच्या जागी राहतील, म्हणजे यंत्रांत दुसऱ्यांचं धुणं फिरलं. असा हिशोब.

संध्याकाळी मी वाळत घातलेल्या चादरी बघायला गेले. एकाही चादरीवर ठिपका नव्हता.

मी पुन्हा पहिल्या दोरीपासून बघितलं. कोपरा न् कोपरा. पांढराशुभ्र. माझ्या बायकांनी सकाळी धुतलेल्या चादरी दुपारी कुणीतरी पुन्हा धुतल्या होत्या. गरम पाणी, पावडर, वीज, सगळं दुसऱ्यांदा. चोर पुष्कळ ऐकले आहेत, पण तुमचं धुतलेलं धुणं परत धुऊन देणारा चोर मी जन्मात ऐकला नव्हता.

आणि तिथेच, ओल्या चादरींच्या मधे उभी असताना, मला माझी सकाळची शिस्त आठवली.

मी तिचं पुन्हा धुत होते. ती माझं पुन्हा धुत होती. तिनेही तिच्या बायकांना बजावलं असणार, वाच्यता करू नका, ताईंना लागेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एका खोलीत होतो तेव्हा मी हाक मारायची, अगं, हे झालंय का? ती तिथूनच म्हणायची, झालंय. त्या एका हाकेला काहीच पडत नव्हतं. आता शेडच्या या टोकाची हाक त्या टोकाला ऐकू जात नव्हती, म्हणून आम्ही पोती ओतत होतो.

एखादी शहाणी बाई तिथेच थांबली असती. मी नाही थांबले. धुण्याचं कोडं सुटलं, पण पिशवीचं? पुड्यांचं? दोनदा धुतलं म्हणून पावडर जास्त लागली, मान्य. पण त्या गडबडीत थोडी कुणी बाजूला काढली नसेल कशावरून? गढूळ पाण्यातच मासे धरतात.

रविवारी सगळे बसले. हे, भाऊजी, धाकटी, मी. लेक दाराशी पुस्तक घेऊन, पान न उलटता. मी निळीचं सगळं सांगितलं, माझी सकाळची शिस्तही सांगितली. भाऊजी हसायला लागले. ह्यांचाही चेहरा सैल झाला. धाकटी म्हणाली, "अगंबाई, ताई, तुम्हीपण?" आणि तोंडाला पदर लावला. तेवढ्यावर उठलो असतो तर आज आम्ही एकाच ओट्यावर असतो.

पण मी म्हणाले, "थांबा. पिशवीचं राहिलंय. धाकटे, मागच्या दाराने काय नेत होतीस?"

खोलीतलं हसू तिथेच संपलं.

धाकटीने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी खाली नाही बघितलं. "नेत नव्हते, ताई," ती म्हणाली. "आणत होते."

"काय आणत होतीस?"

"पावडर. कोठारातली महिना भरायच्या आत संपायची. चावी माझ्याकडे. कशी संपते मला कळेना. तुम्ही काय म्हणाल ते मात्र पक्कं ठाऊक होतं. म्हणून शिवणाचे पैसे यायचे त्यातून दुकानातल्या पुड्या आणून पोत्यात ओतायची. मला न्यायचीच असती, तर पुढच्या दाराने नेली असती. मला कोण विचारणार होतं?"

भाऊजींना यातलं काही माहीत नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर तिची झिजलेली चप्पल आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता आणि मी फास घेऊन आले होते. मला इतकी लाज वाटली की माफीचा शब्दसुद्धा तोंडातून फुटला नाही.

धाकटीने कमरेची चावी काढून माझ्यासमोर ठेवली. आदळली नाही, ठेवली. "आपली जुनी खोली रिकामीच आहे," ती ह्यांना म्हणाली. "मी आणि हे तिथे जातो. थोडी यंत्रं द्या, हॉस्पिटलं वाटून घेऊ. मला हाकेच्या अंतरातलं काम बरं."

भाऊजी लेकीकडे वळले, "तुझ्या वाट्या काय म्हणतात गं?"

लेक रडवेली झाली होती. "पलीकडच्या काठावरच्या एका वाटीपेक्षा," ती म्हणाली, "बुडातल्या दोन बऱ्या."

हिशोबाने कुणाला खोडून काढता येईना. मला म्हणायचं होतं, थांब, जाऊ नकोस. मी म्हणाले, "मोठं पिंप घेऊन जा. तिथे पाण्याचा दाब कमी असतो." ती हो म्हणाली.

आकडा उतरला. आमच्या फळ्यावर उतरला, आणि त्यांच्याही उतरला, भाऊजी येऊन सांगून गेले. सुपरवायझर गेला, शेडचा अर्धा भाग सोडून दिला. पलीकडच्या काठावरून आम्ही परत बुडाशी आलो. लेकीची परीक्षाही झाली. दीर्घकालीन खर्च शेवटी का वाढतो, उदाहरणासह लिहा, असा प्रश्न आला होता.

"आपल्या घरचं उदाहरण लिहिलंस?" मी विचारलं.

"लिहिलं. नावं नाही घातली."

घराचं मात्र उलटं झालं. जुन्या खोलीवरच्या माडीत ते राहायला गेले, तिथे दुसरा गॅस, दुसरं दूध, दुसरा फ्रिज. इकडे तिघांसाठी ती परात मोठी होते. महिनाअखेरीला मी माणशी किती पडले ते काढलं आणि ह्यांना दाखवलं, चांगलंच वाढलं होतं. लेक म्हणाली, "आई, घराची रेघ वेगळी असते. घरात आपण अजून उतरणीवरच होतो." ह्यांचं जेवण कमी झालंय. मलाही करमत नाही, हे मी इथे सरळच सांगते. संशय घ्यायलासुद्धा घरात माणूस लागतं.

परवा टेम्पोवाल्याने चुकून एक गठ्ठा आमच्याकडे टाकला. वसतिगृहाच्या चादरी, धुऊन, इस्त्री करून बांधलेल्या. धाकटीकडच्या. माझ्या हाताखालच्या बाईने सवयीने गठ्ठ्याची गाठ सोडली आणि विचारलं, "बाई, टाकू यंत्रात?"

मी वरची चादर उलगडली. कोपऱ्यात निळीचा एक ठिपका होता. बारीक, नीट, धुऊन वाळल्यावर लावलेला. खालच्या चादरीवरही होता. सगळ्यांवर होता. हे झालंय, असं सांगणारा. आधी मला वाटलं, टोमणा आहे. मला कळावं म्हणूनच लावलाय, आणि टेम्पोवालाही फितूर आहे. मग वाटलं, तिला काय माहीत गठ्ठा इकडे येईल म्हणून. ती रोजच लावत असणार, तिच्याच बायकांसाठी, कुणी पुन्हा धुऊ नये म्हणून. त्या दिवशी मी सांगितलेल्या सगळ्यातून तिने एवढंच उचललं होतं.

"टाकू ना?" बाईने परत विचारलं.

"नको," मी म्हणाले. "धुतलेलं आहे ते."

चादर पुन्हा घडी घालून ठेवली आणि गाठ मारली. टेम्पो फाटकाशीच उभा होता, त्याच्याकडे देऊन मोकळी झाले असते. पण गठ्ठा मीच उचलला आणि चालत त्यांच्या गल्लीत गेले. जुन्या खोलीला एक दार मागच्या बोळात उघडतं, तिकडून जवळ पडतं. मी वळसा घेतला आणि पुढच्या दाराशी उभी राहून हाक मारली.